हार्डली उघडणारं दार

साहेब, मावशीच्या मोडलेल्या पायाला तुम्ही जबाबदार आहात. तुम्ही कागद वाचला, सही ठोकली आणि तीन जिने चढून दार बघायचे कष्ट घेतले नाहीत. चौकशीत माझी साक्ष कोणी घेणार नाही, म्हणून मी ती मुलांपुढे देते. तुम्हीही ऐका.

मित्रांनो, मी एका इस्पितळाची जुनी लिफ्ट आहे. कारखान्यातून आले तेव्हा माझ्या लोखंडी अंगावर ओरखडा नव्हता. लोक काम नसताना माझ्यात बसून वरखाली करत. एकतीस वर्षं मी रोगी वाहिले, बाळंतिणी वाहिल्या, ओल्या चादरींचे गठ्ठे वाहिले. मग नव्या इमारतीत आरशाची लिफ्ट आली आणि मला तेलाचा थेंब मिळेनासा झाला.

माझी काळजी एकट्या लिफ्टमनकाकांना. वॉर्डातली मावशी त्यांना चिडवायची, "काका, ही लिफ्ट आहे की म्हातारी म्हैस?"

काका म्हणायचे, "म्हैस परवडली. तिला निदान चारा मिळतो."

आता दाराचं ऐका. प्रत्येक मजल्यावर माझ्यासाठी बाहेरचं एक दार असतं. मी समोर येऊन थांबले तरच त्याची कडी सुटते, कारण मी नसताना त्या दारामागे नुसता खड्डा असतो. तिसऱ्या मजल्यावरची कडी झिजली होती. मी शेजारून गेले की दार धाडकन आपोआप उघडायचं. रोज नाही, पंधरवड्यातून एखाद्या वेळी. पण खड्ड्याला एकच वेळ पुरते.

काका ऑफिसात गेले. कारकून म्हणाला, "तोंडी चालत नाही. फॉर्म भरा, इंग्रजीत."

"मराठीत लिहून दिलं तर?"

"तर तुम्हीच वाचत बसा."

काका सातवी शिकलेले. इंग्रजी त्यांनी पाट्यांवरून आणि औषधांच्या खोक्यांवरून वेचलेलं. स्लोचं स्लोली होतं, क्विकचं क्विकली, एवढं त्यांना ठाऊक होतं. हार्ड म्हणजे जोराचा, तर जोरात म्हणजे हार्डली. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: थर्ड फ्लोअर डोअर ओपन्स हार्डली. माझ्यात उभं राहून दोनदा मोठ्याने वाचून खात्रीही केली.

मित्रांनो, हार्डली म्हणजे जोरात नव्हे. रेअरली, सेल्डम आणि हार्डली ही एकाच घरातली भावंडं. अर्थ क्वचितच, जवळजवळ नाहीच. काकांचा हिशेब चोख होता, शब्द बेइमान निघाला.

साहेबांनी वाचलं, की दार उघडतच नाही. शेरा मारला, 'कडी सैल करा.' मिस्त्री आला तेव्हा काका जेवायला गेले होते. त्याने झिजलेली कडी आणखी सैल केली, "लोण्यासारखं झालं," म्हणाला आणि गेला.

आधी निदान धाडकन आवाज यायचा. आता तोही गेला. त्याच दुपारी मी काकांना घेऊन दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि वरचं दार माझ्यामागे गुपचूप उघडलं. दार उघडं असलं की मी हलू नये, ही सोय केव्हाच मेली होती.

मावशी तिसऱ्यावर आली, एका आजोबांना चाकाच्या खुर्चीत घेऊन. पुढची छोटी चाकं फटीत अडकतात, म्हणून खुर्ची नेहमी पाठमोरं चालत आत ओढायची असते. दार उघडं दिसलं, म्हणजे मी उभी आहे, असं तिने धरलं आणि पाठमोरं पाऊल टाकलं.

ती किंचाळत माझ्या छतावर पडली. खुर्ची उंबरठ्यावर अडकली. आजोबा मदतीसाठी ओरडायला लागले.

आणि चौथ्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं.

मला वर जायचा हुकूम मिळाला. काकांनी झेप घेऊन लाल बटण दाबलं. माझं लाल बटण दाबून धरलं तरच मी थांबते. अंगठा सुटला की मी निघाले. मी निघाले असते तर वर भिंतीत आणि माझ्यात मावशीचं काय झालं असतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

"मावशी, हलू नका."

"हलायला पाय कुठाय, काका? तुम्ही म्हशीला धरून ठेवा."

"धरलीय."

वरच्याचं बटण दाबणं चालूच होतं. माणसं शिडी घेऊन येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. काकांचा अंगठा आधी लाल झाला, मग पांढरा. तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने तो दाबून धरला.

मावशी वाचली, पाय मोडून. काकांना मात्र घरी बसवलं. मला तळमजल्यावर कुलूप घातलंय आणि चौकशी समोरच्याच खोलीत झाली, म्हणून सगळं ऐकलं.

"दार उघडत नाही असं तुम्हीच लिहिलंत. खोटी माहिती दिलीत."

"साहेब, मी जोरात असं लिहिलं होतं."

खोली हसली. मावशीने खाटेवरून जबाब पाठवला होता, "काकांनी अंगठा काढला असता तर मी बोलायला उरले नसते." जबाब मराठीत होता, म्हणून फाईलला लागला नाही.

मित्रांनो, जुनं यंत्र कुरकुरलं तर कागदावर विसंबू नका, त्याच्यापाशी जा. आणि जो रोज त्याच्यापाशी असतो, त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या.

काल काकांनी विचारलं, कामावर कधी घेणार? ऑफिसातून इंग्रजी कागद आला. अर्थ असा, 'अशा प्रकरणांत कर्मचाऱ्याला क्वचितच परत घेतलं जातं.'

साहेब, क्वचितच म्हणजे काय? काकांच्या घरी पाच माणसं हा कागद हातात धरून बसली आहेत. घेताय की नाही, तेवढं एका शब्दात लिहा. मराठीत.