चौसष्ट खांब

वकारनं पेनचं टोपण दोनदा काढलं आणि दोनदा परत लावलं. हे लिहायचंच नाही, असं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं. वेल्डिंग मशीनच्या दांड्याला सुतळीनं बांधलेली ही वही त्यानंच सुरू केलेली, आणि आजवर तिच्यात सगळं चांगलंच लिहिलेलं. प्लग काढून आतली धूळ फुंकली. टॉर्चची टीप बदलली. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. शेवटी त्यानं दात आवळून लिहिलं, 'मंगळवार ते शुक्रवार, गॅसवर काम चालू असताना पंखा चालू. चौसष्टच्या चौसष्ट जोड कच्चे.'

सकाळी ते झालं होतं. होस्टेलच्या कठड्यासाठी जास्तीचा म्हणून बनवलेला पासष्टावा खांब भिंतीवरून घसरून फरशीवर पडला आणि तळाची पट्टी टिक्कन सुटून मशीनखाली गेली. वकारनं ती उचलून बघितली. तुटलेल्या जागी लोखंड अनारशासारखं जाळीदार होतं.

त्यानं आधी मशीनवरच संशय घेतला. दोन महिन्यांपूर्वी घेतलेली ती एकच मशीन तीन कामं करायची: रॉडचं वेल्डिंग, गॅसमधून येणाऱ्या तारेचं, आणि पातळ पत्र्याचं नाजूक टिग वेल्डिंग. त्यानं साखळीनं बांधलेला सिलिंडर तपासला, नळी तपासली, तारेचे रोलर पुसले, अर्थिंगचा चिमटा घासून लख्ख केला. कुठंच खोट नव्हती. घाम पुसायला वळला तर गार झुळूक मानेवर आली. मग तो बराच वेळ पंख्याकडं बघत उभा राहिला.

त्यानं दोन तुकडे जोडले, एक पंखा लावून, एक बंद करून. दोन्ही शिकंज्यात धरून हातोडा घातला. पहिला लगेच सुटला. दुसरा वाकला, पण सुटला नाही.

इतकी वर्षं रॉडवर काम केलेलं. रॉडला पंख्याचं काही वाटत नाही. मे महिन्यात लातूरच्या पत्र्याखाली पंख्याशिवाय कोण वेल्डिंग करतो? पण तारेच्या वेल्डिंगला वितळलेल्या लोखंडावर गॅसचं पांघरूण लागतं, आणि पंखा ते पांघरूण चार दिवस उडवून देत होता. तारेचं काम शिकवायला वकारला कुणी उस्ताद नव्हता. मोबाइलवर बघून आणि मशीनसोबतची पुस्तिका अक्षर अक्षर लावून तो शिकलेला. 'उघड्यावर वाऱ्यापासून जपा,' असं त्या पुस्तिकेत होतं. पण आपण तर शेडमध्ये आहोत, म्हणून त्यानं पान उलटलं होतं.

पंखा आदिनाथनं घरून आणला होता.

आदिनाथ त्याचा दोस्त आणि दुकानातला भागीदार. दोन वर्षं डॉक्टरकीचे क्लास केले, मार्कांनी दगा दिला, तेव्हापासून फिटिंग आणि रंगाचं काम त्याच्याकडं. तो चहाची किटली घेऊन आला तेव्हा वकार मशीन छोट्या टेम्पोत चढवत होता.

"कुठं चाल्लास? आज तर सुट्टी म्हनला व्हतास."

"किशनरावच्या होस्टेलला. खांब नव्यानं जोडायचेत."

"किती?"

"सगळे."

आदिनाथनं किटली खाली ठेवली. दांड्याची वही त्यानं उचलली, वाचली आणि मशीनचं दुसरं टोक धरलं.

क्लासच्या गल्लीतली ती तीन मजली इमारत नवी कोरी होती. तिन्ही मजल्यांना बाहेरून गॅलरी, गॅलरीला निळा कठडा. रविवारी संध्याकाळी पूजा, सोमवारी पोरी येणार. नांदेड, धर्माबाद, देगलूर, कुठून कुठून. खोल्यांत गाद्या येऊन पडल्या होत्या. किशनराव तिसऱ्या मजल्यावर मंडपवाल्याला झेंडूच्या माळा कुठं बांधायच्या ते दाखवत होते.

वकारनं सगळं सरळ सांगितलं. पंखा कुणाचा, ते तेवढं सांगितलं नाही.

"माझी चूक हाय, मालक. जोड आतून पोकळ राह्यलेत. हे सगळं मला नव्यानं करू द्या."

"उद्या पूजा हाय, आन् तू मला आज सांगून राह्यलास?" किशनराव हसले, पण डोळ्यांनी नाही. "पेंट झाला, पावणेरावळे बघून गेले. एक खांब तरी हलतोय का? बघ की."

त्यांनी कठड्यावर कोपर टेकवलं.

"मालक, हिकडं या आधी."

"आरं, काय होतंय! त्या पोरी हितं आब्यास कराया येनार हायेत. कठड्याला लोंबकळाया न्हाई."

वकारनं त्यांचा दंड धरून त्यांना आत ओढलं. असं कुणी किशनरावांना धरलं नव्हतं. मंडपवाला माळ हातात धरून बघतच राहिला. वकारनं खाली गल्ली मोकळी आहे का बघितलं, बुटाची टाच उचलली आणि खांबाच्या बुडाशी एकच लाथ घातली. निळा रंग तडकला. खांब तळपट्टीवरून सुटून बाहेर झुकला.

किशनरावांचं तोंड उघडंच राहिलं. तरी हिशेबी माणूस, लगेच सावरले.

"हा एक असंल कच्चा."

"मालक, तुमचं गाव भूकंपात गेलं ना?"

"गेलं. त्याचं हितं काय?"

"अजून हादरा बसला की आख्खं लातूर घराबाहेर पळतंय. शिकलेलं असू दे, न्हाईतर अडाणी. ह्या पोरी कुठं पळतील? जिना एक, पोरी शंभर. आधी सगळ्या ह्या गॅलरीत येतील, एकमेकींना रेटत."

किशनराव झुकलेल्या खांबाकडं बघत राहिले. मग त्यांनी मंडपवाल्याच्या हातातली माळ काढून घेतली आणि खोलीतल्या गादीवर टाकली.

"कवापर्यंत होईल?"

"उद्या पूजेच्या आत."

"न्हाई झालं तर?"

"तर पोरींना येऊ देऊ नका. मी स्वतः फाटकात उभा राहून त्यांच्या बापांना सांगतो."

"लई मोठा आलास सांगनारा," किशनराव पुटपुटले, आणि ठिणग्यांपासून गाद्या दूर हलवण्यासाठी माणसं बोलवायला खाली गेले.

तिसऱ्या मजल्यावर वारा भणभणत होता. वकारनं प्लग काढलेला आहे याची खात्री केली, तारेची टॉर्च उतरवली, रॉडचा होल्डर चढवला. केबली पुस्तिकेत बघून अदलाबदल केल्या, बोलून बोलून, जणू कुणाला शिकवतोय. अर्थिंगचा चिमटा त्यानं इमारतीच्या सळईला लावला नाही. ज्या खांबाचं काम, त्याच खांबाचा रंग खरवडून तिथंच लावला. खोल्यांची दारं बंद, पाण्याच्या दोन बादल्या जवळ, खाली गल्लीत दोरी. आदिनाथ ग्राइंडरनं जुना जोड पार खोदून काढायचा, वकार भरायचा, थंड झाला की हातोडा. शनिवारी दिवस मावळेपर्यंत सव्वीस झाले. रविवारी उजाडताच ते परत हजर.

दुपारी आदिनाथची आई, केवळाबाई, डबा घेऊन जिना चढून आली.

"जेवा रे. हात बघा तुमचे, कसे काळे पडलेत."

"काकू, फक्त सोळा राहिलेत."

"सोळा पळून जात न्हाईत. बस खाली."

ती भाकरी वाढून, भांडी घेऊन गेली. आदिनाथ मात्र घास हातात धरून बसला होता.

"वकऱ्या, तू मालकाला माझं नाव का न्हाई सांगितलं? पंखा माझा व्हता."

"पंखा तुझा, हात माझा. आवाज बदलला व्हता मशीनचा. पंख्याच्या घरघरीत मला कळला न्हाई."

"तेवढंच न्हाई." आदिनाथनं घास ताटलीत ठेवला. "रंगाआधी मला भोकं दिसली व्हती. मंगळवारीच. टाचणीएवढी. बऱ्याच खांबांना."

वकारचं चावणं थांबलं.

"मग?"

"पुट्टी भरली. वरून रंग मारला."

"का?"

"गेल्या महिन्यात काचेशिवाय वेल्डिंग बघून तुझे डोळे सुजले व्हते ना? बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपला व्हतास. मला वाटलं, तुझी नजरच गेली. हे तुला कसं सांगावं? वेल्डरला सांगायचं का, तुला दिसत न्हाई म्हणून? म्हणून म्या झाकत गेलो."

खाली कुठल्यातरी क्लासच्या माइकवरून कुणी पोरांची नावं वाचत होतं.  वकार उठला, हातमोजे चढवले आणि काळ्या काचेची टोपी डोक्यावर घेतली.

पुढचे चौदा खांब आदिनाथ खोदत गेला, वकार भरत गेला. खाली भटजी आले. किशनराव दोनदा येऊन बघून गेले. त्रेसष्टावा जोड भरून वकारनं टोपी वर केली.  एकच उरला होता.

"वकऱ्या." आदिनाथ गुडघ्यावर बसून नुकत्याच भरलेल्या जोडाकडं बघत होता. आवाज अगदी लहान. "हितं एक भोक हाय."

वकार वाकला. त्याला दिसलं नाही. आदिनाथनं तारेच्या ब्रशनं मळी झाडली आणि खिळ्याचं टोक टेकवलं. होतं, मोहरीच्या निम्मं. एवढं तर रॉडच्या कामात चालतं, हे शब्द वकारच्या जिभेवर आले होते.

त्यानं हात पुढं केला.

"ग्राइंडर दे."

त्यानं तो जोड मुळापर्यंत खोदला, परत भरला, थंड होऊ दिला आणि हातोडा आदिनाथच्या हातात दिला. आदिनाथनं तीन ठोके घातले. खांब खणखणला.

"आद्या, हितंच वचन देतो तुला," चौसष्टाव्या खांबाकडं वळत वकार म्हणाला. "ह्यापुढं माझ्या कामात खोट दिसली तर तोंडावर बोल. गिऱ्हाइकाम्होरं बोल, माझ्या अम्मीम्होरं बोल. म्या हातातलं खाली ठेवीन, आन् तुला 'का' म्हणून विचारणार न्हाई."