ताटातलं मीठ

अक्कलदाढ काढायला गेले आणि निम्मी जीभ तिथेच ठेवून आले. पाटणकर बाजारामागचा दवाखाना. डॉक्टर पोरसवदा, दाढ उपटता उपटता कानातल्या फोनवर कुणाला तरी प्लॉटचा भाव सांगत होता. "दो घंटे में सुन्नपन उतर जाएगा, आंटी." दोन तासांत उतरलं नाही. मग म्हणाला आठवड्यात, मग महिन्यात, मग म्हणाला, "किसी-किसी को रह जाता है," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. किसी-किसी म्हणजे मी.

डावा ओठ, हनुवटी, डावीकडची जीभ, सगळं लाकूड. वरण ओघळलं तरी कळत नाही. समोर बसलेले हे आपल्या हनुवटीला बोट लावतात, की मी पुसते. उजवीकडे चव लागते, पण फडक्याआडून लागावी तशी. दुसऱ्या कुणाचं असतं तर चाललं असतं. माझं सगळं घर या जिभेवर चाललंय. आमच्या दाना ओली गल्लीत शरयूकाकूंचं, म्हणजे माझं, पुरण म्हटलं की पत्ता विचारावा लागत नाही. दाढ काढल्यापासून एक ऑर्डर घेतलेली नाही.

मग मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, शीर दुखावली आहे, दिल्लीला शिवतात, पण लवकर जायला हवं. केदारने, माझ्या मुलाने, घरातल्या सगळ्यांची पॉलिसी काढलेली. म्हटलं, आता तरी उपयोग होईल. कंपनीने आधी कागद मागवले, मग तेच कागद पुन्हा मागवले, मग नुसतंच 'विचाराधीन'. आम्ही वाट बघत बसलो. शेवटी उत्तर आलं.

"आई, पॉलिसीमें डेंटल आता ही नहीं. फक्त अपघात असेल तर देतात."

"अरे, जीभ म्हणजे दात का?"

"सुरुवात दातापासून झाली, असं म्हणतायत."

पॉलिसी देताना घरी येऊन दोनदा चिवडा खाऊन गेलेला समरजीत म्हणाला, "काकू, जिन्यावरून पडलात असं लिहू." मी म्हटलं, मी आजवर कुठे पडले नाही आणि तुझ्या कंपनीसाठी पडणारही नाही. शेवटी हे बँकेतली ठेव मोडायला निघाले. पुन्हा डॉक्टरीण बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आता उशीर झाला, आता शिवून फारसं काही हाती लागणार नाही. सगळ्यांनी मिळून माझ्या तोंडाला पानं पुसली. राग यायला हवा होता. आला, पण तोही अर्धाच आल्यासारखा.

मग महालक्ष्म्या आल्या. मी मनाशी ठरवलं, हा स्वयंपाक जमला तर नवरात्रातल्या ऑर्डरी घ्यायच्या. जमणारच होता, कारण नैवेद्य कुणीच चाखत नाही. देवीच्या आधी जिभेला लावायचं नाही, असं सासूबाईंनी पहिल्याच वर्षी बजावलेलं. इतकी वर्षं आमटी, भाज्या, कढी, सगळं नुसत्या हाताच्या अंदाजाने केलंय आणि कधी बिघडलं नाही. इथे जीभ असली काय, नसली काय. सकाळी पुरण शिजताना मी बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होते.

ताटं मांडली. आधी मीठ, वर मधोमध, शेजारी लिंबू. ते मीठ आमच्याकडे शास्त्रापुरतंच. जेवणं झाली की उष्ट्या ताटांतून तसंच निघतं.

घरचे, पाहुणे, सगळे पोटभर जेवले. "काकू, तीच चव," "आमटी वाढा अजून." हे खाली मान घालून जेवत होते. हरिशंकरपुरमहून जेवायला आलेल्या अपर्णाने निघताना माझे हात धरले. "काकू, अष्टमीचं जेवण तुमच्याकडूनच हं. नक्की ना?" नक्की म्हटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग ताटं उचलायला बसले. पहिल्या ताटात मीठ नव्हतं. म्हटलं, वाढायचं राहिलं असेल. दुसऱ्यातही नव्हतं. मग एकेक ताट बघत गेले. लिंबाच्या फोडी पिळलेल्या, आणि त्यांच्याशेजारची मिठाची जागा बोटाने पुसून घेतल्यासारखी. यांच्या ताटातही.

तेव्हा कळलं. हाताला अंदाज असतो म्हणतात, पण रोज जीभ सांगायची तेव्हाच हाताला कळत होतं. इतके महिने जिभेने काही सांगितलं नाही आणि हात विसरला.

खरकट्या हाताने अपर्णाला फोन लावला. अजून रिक्षातच होती.

"अष्टमीचं दुसऱ्या कुणाला सांग, बाई."

"का हो काकू? इतकं छान झालं होतं."

"मीठ कमी होतं ना?"



"थोडंसंच," ती म्हणाली.

फोन ठेवला. हे दारात उभे होते. त्यांनी आपल्या हनुवटीला बोट लावलं. मी माझी पुसली आणि ताटं विसळायला घेतली.