दोघांची छागल

भैय्याजीने पहिल्यांदा पाणी नको म्हटलं, तेव्हा जयवंताला काहीच वाटलं नाही. माणसाला कधीकधी तहान नसते. पण दुसऱ्या खेपेलाही तो म्हणाला, "आत्ताच पिऊन आलो, वहिनी." एप्रिल महिना. शहरातल्या महाल भागापासून त्यांच्या इंदोरा वस्तीपर्यंत भर उन्हात सायकल हाणत आलेला माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे पडलेले, आणि म्हणे आत्ताच पिऊन आलो. कुठे प्यायला? वाटेत काय त्याच्या आत्याने पाणपोई घातली होती?

त्या दिवसापासून जयवंताची नजर त्याच्या हातांवरून हलेना.

तिचा नवरा देवाजी तार ऑफिसात होता. लोकांच्या मरणाच्या आणि लग्नाच्या तारा सायकलीवर घेऊन तो गावभर हिंडायचा, आणि त्या हिंडण्यातून त्याच्या पायांत अशी ताकद आली होती की गावातल्या शर्यतीत त्याच्यापुढे जाणारा एकच गडी उरला होता. तो भैय्याजी. महालात त्याचं सायकलीचं दुकान. एकमेकांना हरवता हरवता दोघांची दोस्ती झाली, आणि आता ते जोडीने राजस्थानात जाणार होते. तिथे वाळूतून आणि खडकाळ टेकड्यांतून लांब पल्ल्याची शर्यत होती, पार जैसलमेरपर्यंत. नियम साधा पण कडक होता. दोघांची जोडी, दोघं पोचले तरच पोचले. ठाण्याठाण्यावर पाणी मिळेल, पण ठाणी दूर दूर. मधल्या रस्त्यात जे लागेल ते आपलं आपण वाहायचं.

महिनाभर दोघांनी सायकली सोलून काढल्या होत्या. मडगार्ड गेले, चेनकव्हर गेलं, घंटीसुद्धा गेली. "वाळवंटात कोणाले वाजवून दाखवतं?" असं भैय्याजी म्हणाला होता. सायकलरिक्षाचे जाड टायर चढले. चेनीला तेल लावलं तर रेती चिकटते, म्हणून तेल पुसून मेण चोळलं. आणि ओझ्याची वाटणी झाली ती अशी: देवाजीने ट्यूब, पंप, स्पोक आणि खाण्याचं घ्यायचं, पाणी सगळं भैय्याजीच्या कॅरिअरवर. "माही सायकल दणकट हाय," तो म्हणाला, आणि देवाजीने मान डोलावली.

पाण्याच्या छागला जयवंताने स्वतः शिवल्या होत्या. कामठीच्या कबाडी बाजारातून फौजी तंबूचं जाड कापड आणलं, दुहेरी शिवण घातली, तोंडाशी लाकडी बूच बसवलं. नवी छागल आधी गळते. धागा फुगून भोकं बुजेपर्यंत ती भिजत ठेवावी लागते, रोज पाणी बदलावं लागतं. विड्या वळता वळता तिने तेही केलं. आता पाणी थेंबभर गळत नव्हतं, नुसता घाम यायचा कापडाला, आणि आतलं पाणी गारगार.

त्या गार पाण्याला भैय्याजीने अजून तोंड लावलं नव्हतं.

"नव्या कापडाचा वास येत असन त्याले," देवाजी म्हणाला.

"तुम्हाले येते?"

"मले सवय झाली."

"अन् आपल्या माठालेही कापडाचा वास येते का? चहा देतो म्हटलं तर म्हणे चहा सोडला. शेजारच्या रंभाबाईनं चौकातल्या हॉटेलात दोन कप रिचवताना पाह्यलं त्याले."

देवाजी चिडला. "तू काहून त्याच्या मागं लागली वं? तो माह्या सायकलीची चेन सोताच्या हातानं पुसते."

"चेन पुसते. पाणी पेत नाही."

देवाजी सायकलीकडे वळला. त्याला बोलायचंच नव्हतं, हे तिला दिसलं. शर्यतीचं त्याने वर्षभर मनात धरलं होतं आणि जोडीदार दुसरा मिळणार नव्हता. पण जयवंताला महाल माहीत होता. लहानपणी ती आईबरोबर तिथे गवऱ्या विकायला जायची. पाणी मागितलं की वरून ओंजळीत पडायचं, भांडं लागणार नाही अशा बेताने. मग छप्पन्न साली वडिलांचं बोट धरून ती दीक्षेला गेली, आणि परत येताना आईने सांगितलं होतं, आता ओंजळ करायची नाही. जयवंताने केली नव्हती. म्हणून तीच शिवाशिव तिला लांबून ओळखू यायची, वरून पाणी देण्यातली आणि हातचं पाणी न घेण्यातलीही.

जयंतीची मिरवणूक झाली. गल्लीतल्या निळ्या पताका अजून उतरल्या नव्हत्या. निघण्याआधीची शेवटची फेरी ठरली: कामठी, कन्हान, मनसरवरून रामटेकची टेकडी चढायची आणि येताना कन्हानच्या पात्रातली रेती तुडवायची. पूर्ण सामान लादून.

सकाळी भैय्याजी आला. देवाजी आत बूट शोधत होता, तोवर भैय्याजी चौकात हवा मारायचा मोठा पंप आणायला गेला. त्याची सायकल ओट्याला टेकून उभी होती. जयवंता छागला बांधायला गेली तर सीटखालच्या रेक्झिनच्या पिशवीला ओल दिसली. तिने बोट लावलं. गार. उघडून पाहिलं तर आत चपटी फौजी बाटली, बनातीच्या कापडात शिवलेली, गळ्यापर्यंत भरलेली.

म्हणजे असं होतं तर. दोघांच्या नावाचं पाणी कॅरिअरवर, आणि याचं एकट्याचं सीटखाली.

आतून देवाजी बाहेर आला. तिने बाटली दाखवली. हळूच म्हणाली, "जो इथं नळाच्या काठावर आपलं पाणी पेत नाही, तो तिथं रेतीत तुम्हाले देईन का? दोन्ही छागला त्याच्यापाशी, अन् त्याले तर त्या लागतच नाही. पुढं निघून गेला, मग?"

"तसं नाही करणार तो."

"तुम्ही नुसतं नाही म्हणता. मले पाह्यचं हाय."

देवाजी वाकून बुटाची नाडी बांधू लागला. बराच वेळ बांधत राहिला. तेवढ्यात जयवंताने बाटली शेवग्याच्या बुंध्याशी ओतली, बूच घट्ट लावलं आणि होती तशी पिशवीत सरकवली.

ते गेले. जयवंता विड्या वळायला बसली. ऊन चढलं तसं तिच्या हातांचं लक्ष उडालं. पानं वाकडी कापली जाऊ लागली, धागा सैल बसू लागला. याला चक्कर आली तर? मेलाच तर? ती स्वतःशीच भांडत होती. दोन भरलेल्या छागला आहेत की त्याच्याजवळ, हात मागे केला की पाणी. मग तिला आठवायचे त्याचे ते पांढरे ओठ, आणि तिची विडी पुन्हा सुटायची.

"काहून वं, आज काही चित्त नाही तुहं?" रंभाबाईने पलीकडून विचारलं.

"उन्हानं," जयवंता म्हणाली.

ऊन कलल्यावर ते दिसले. देवाजी एका हाताने आपली सायकल सांभाळत होता आणि दुसरा हात भैय्याजीच्या पाठीवर ठेवून त्याला ढकलत आणत होता. ओट्यापाशी येताच भैय्याजी उतरला नाही, कलंडला. देवाजीने त्याला भिंतीला टेकवून बसवलं.

"मनसरच्या पुढं यानं बाटली उघडली तर कोरडी," देवाजी सांगू लागला. बायकोकडे त्याने पाहिलं नाही. "म्या छागल दिली. नको म्हणे, वास येते. चढावर दिली, नको. कन्हानच्या रेतीत पडला. मंग म्या छागल उघडून याच्या डोक्यावर ओतली." तो थांबला. "डोक्यावर घेतलं त्यानं. तोंडात नाही घेतलं."

देवाजी ओट्यावर बसला. सकाळी घातलेले बूट काढायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं. जयवंताला वाटलं होतं, आपलं खरं ठरलं की बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

ती आत गेली. माठातून गिलास भरला, बाहेर आणला आणि भैय्याजीसमोर धरला. वरून ओतायला तांब्या आणला नाही. गिलासच.

भैय्याजीने गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. रंभाबाई दारात उभी होती.

"वहिनी, घरी आई हाय," तो कसाबसा म्हणाला. "तिले कळलं तर..."

"आई जैसलमेरले येऊन राहिली का?"

भैय्याजीचा हात वर आला. त्याने गिलास घेतला, थोडं शर्टावर सांडलं. पहिला घोट त्याने डोळे मिटून घेतला, औषध घ्यावं तसा. मग त्याला भान राहिलं नाही. गिलास संपला. तिने दुसरा दिला, तोही संपला.

"गोड हाय पाणी," तो खाली पाहत म्हणाला.

"कन्हानचं हाय. तुमच्या महालातही तेच येते." आणि त्याच दमात ती म्हणाली, "बाटली मीच सांडवली."

भैय्याजीने मान वर केली. "मेलो असतो मी, वहिनी!"

"भरलेल्या दोन छागला होत्या तुमच्या बुडामागं."

भैय्याजीने कॅरिअरकडे पाहिलं. देवाजीने खाकरून घसा साफ केला आणि रस्त्याकडे पाहत राहिला. जायचं की नाही, हे आता त्यालाच कळेनासं झालं होतं. उद्याची गाडी होती. तिकिटं काढलेली होती.

जयवंता उठली. भैय्याजीच्या कॅरिअरवरून तिने एक छागल सोडली, मग दुसरी. दोन्ही उचलून देवाजीच्या सायकलीपाशी नेल्या. त्याच्या कॅरिअरवरचं सामान काढून खाली ठेवलं.

"वजन लय होईन मले," देवाजी म्हणाला.

"होऊ द्या. पाणी तुमच्यापाशी राहीन. ज्याले लागन त्यानं तुम्हाले मागावं."

भैय्याजी भिंतीला धरून उभा राहिला. "एवढं पेलो, तरी भरोसा नाही माह्यावर?"

"दोन गिलासांवर किती बसवू, भैय्याजी?"

भैय्याजीने भिंत सोडली. मग त्याने सीटखालची बाटली काढून ओट्यावर ठेवली. मुकाट्याने ट्यूब, पंप आणि स्पोकांची पुरचुंडी उचलून आपल्या सायकलीवर लादली. परत येऊन तो जयवंताच्या बाजूला वाकला.

"अशी नोका बांधू. गड्ड्यात हिसका बसला की सुटते. दोरी खालून घ्या, फ्रेमवरून."

तिने हात काढून घेतला. भैय्याजीने दोरी खालून घेतली, फ्रेमवरून फिरवली, गुडघा टेकून आवळली आणि गाठ मारली. तो हात पुसत बाजूला झाल्यावर जयवंताने गाठ ओढून पाहिली. पक्की होती.

तरी तिने वरून आपली एक मारली.