सोळाचे बत्तीस

माझी बायको विनार्सिह चौथीला गणित शिकवायची. दरवर्षी अपूर्णांकांचा धडा आला की ती सगळा वर्ग घेऊन गावच्या मंडपात यायची. आमच्या गावाचं गामेलान, म्हणजे वाद्यांचा संच, तिथेच मांडलेलं असतं. पितळी पट्ट्यांची वाद्यं, केनोंगची पालथी भांडी आणि मागे टांगलेला मोठा गाँग. मी त्यात ढोल वाजवतो. चाल किती भरभर, किती संथ, हे ढोल ठरवतो. म्हणून त्या दिवशी तिला माझी गरज लागायची.

"एका गाँगपासून दुसऱ्या गाँगपर्यंत एक पूर्ण," ती सांगायची. "त्यात ठोके सोळा. आठव्याला केनोंग वाजतो, म्हणजे अर्धं झालं. सोळापैकी आठ."

मग ती माझ्याकडे बघायची. मी चाल हळूहळू संथ करायचो, जिथे एक ठोका बसत होता तिथे दोन बसतील इतकी. पेकिंग हे सगळ्यात छोटं वाद्य. त्यावर बसलेल्या मुलाने आता दुप्पट वाजवायचं. गाँग ते गाँग बत्तीस.

दरवर्षी एक तरी पोर आठ ठोके मारून थांबायचं आणि ऐटीत वर बघायचं.

"झालं अर्धं?" ती विचारायची.

"झालं, बाई."

"मग केनोंग का गप्प? झोपला का तो?"

पोरगं केनोंगवाल्याकडे रागाने बघायचं.

"त्याच्यावर कशाला डोळे वटारतोस? खालच्या सोळाला तू दोनने गुणलंस. वरच्या आठाला कोण गुणणार, तुझी आजी? छेदाला ज्याने गुणलं त्यानेच अंशालाही गुणायचं. नाहीतर अर्ध्याचं पाव होतं."

पुन्हा वाजवलं की बरोबर सोळाव्याला केनोंग पडायचा. अर्धं तेवढंच राहायचं, तुकडे वाढायचे. मग मुलं पांगली की ती मंडपाच्या कडेला पाय सोडून बसायची आणि सोयाबीनचं तळलेलं टेंपे हिरव्या मिरचीबरोबर खायची.

"बुने, हात तरी धू. खडू आहे बोटांना," मी म्हणायचो. आम्ही नवरा-बायको एकमेकांना बुने, पाक्ने अशीच हाक मारायचो.

"एवढी वर्षं खडू खाऊनच काढली, पाक्ने. आता काय होतंय?"

संध्याकाळी मोठ्यांच्या तालमीत ती गेंदेर वाजवायची, पातळ पितळी पट्ट्यांचं वाद्य. त्याचा आवाज मऊ असतो आणि बराच वेळ घुमत राहतो. चाल सगळ्यात संथ झाली की दोन ठोक्यांच्या मध्ये मोठी जागा पडते. ती गेंदेरने भरायची असते. मी चाल तितकी खाली आणायचो, ती खरं तर तिचं ऐकायला.

ती गेल्यापासून मी चाल संथ केली नाही. भरभर सुरू करायचो, भरभर संपवायचो. गेंदेरवर कापड टाकलेलं होतं आणि तिथे कोणी बसत नव्हतं. गाँग वाजवणारे पाक मांगुन, पाक म्हणजे काका, एकदा म्हणाले, "पार्दियो, तुझी बस चुकणार आहे का?"

या वर्षी चौथीच्या नव्या बाई घरी आल्या. बू रेत्नो, बू म्हणजे बाई, याच गावातली मुलगी. मी चहा ठेवला. साखर जास्त झाली, तरी ती प्याली.

"पाक, वर्ग मंडपात आणू का?"

"फळ्यावर शिकवा."

"शिकवलं. एक द्वितीयांश म्हणजे चारपैकी किती, विचारलं. निम्म्या वर्गाने लिहिलं, एक. खाली गुणतात, वरचं तसंच ठेवतात." ती थोडी हसली. "मीही त्यातलीच. आठ मारून थांबले होते, बू विनार्सिहच्या वर्गात."

"कॅसेट लावा मग."

"कॅसेट माझ्याकडे बघून संथ होत नाही, पाक."

सोळाचे बत्तीस होईपर्यंत गेंदेर नसलं तरी चालतं. त्याच्या पुढे गेलं की ती मोठी जागा उघडी पडणार आणि मला ती ऐकायला लागणार.

"फक्त बत्तीसपर्यंत," मी म्हणालो. "पुढे नाही."

"आणते," ती म्हणाली.

वर्ग आला. पाक मांगुनही गाँगपाशी येऊन बसले. पेकिंगवर वेनिंग नावाची मुलगी होती, पुढचे दोन दात पडलेली. मी चाल संथ केली. तिने आठ ठोके मारले आणि थांबली. बू रेत्नो काही बोलायच्या आधी माझ्याच तोंडून निघून गेलं, "वरच्या आठाला कोण गुणणार, तुझी आजी?"

"माझी आजी छान गुणते, म्बाह. बाजारात कांदे विकते."

म्बाह म्हणजे आजोबा, म्हणजे मी. पोरं हसली. बू रेत्नोही हसली आणि मग तिने डोळे पुसले. दुसऱ्या वेळी सोळाव्याला केनोंग पडला.

"आता चौसष्ट करूया," वेनिंग म्हणाली.

"आज एवढंच," बू रेत्नो घाईने म्हणाली.

"पण मला येतं, बाई. बत्तीसला दोनने गुणलं की चौसष्ट. वरच्या सोळाला दोनने गुणलं की बत्तीस. केनोंग बत्तिसाव्याला." तिने माझ्याकडे बोट केलं. "म्बाहच संथ करत नाहीत."

"बोट नाही दाखवायचं," बू रेत्नो म्हणाली.

"असू दे," मी म्हणालो. "बरोबर बोलतेय ती."

पुन्हा सुरू केलं. आधी सोळा. मग बत्तीस. इथे मी थांबलो असतो. हाताला सवय होती, तो आपसूक जड होत गेला आणि मी त्याला होऊ दिलं. ठोके एकमेकांपासून लांब गेले. ती जागा आली. तिच्यात गेंदेर नव्हतं. बाहेर कोणीतरी सायकल लावल्याचा आवाज आला, तो तेवढा ऐकू आला. आणि वेनिंगचे एका ठोक्यात चार, धडपडत, एखादा चुकलेला, ओठ हलवून मोजलेले.

माझा हात चालू होता.

बत्तिसाव्याला केनोंग पडला. वेनिंगने वर बघितलं नाही, ती पुढच्या बत्तीसला लागली होती. मागे पाक मांगुन गाँगची काठी उचलून तयार होते, आणि मी चाल संथच ठेवून त्यांना ती तशीच धरून ठेवायला लावली.