पराट्यांचा कुड

बाबारावने ओंजळभर कुटार कपाशीच्या वाळल्या पराट्यांच्या मागे ओतलं आणि काठीने ठासलं. सोयाबीनचा भुसा तो, कितीही ठासा, फुगून वर येतोच. त्याने पुन्हा ठासलं.

"गच्च भरा, बाबा," मोनाली म्हणाली. कोपरापर्यंत तिचे हात शेणमातीने माखले होते. "फट राह्यली त ऊन तिथूनच शिरते."

"मले शिकवू नको. तुया आज्याचं अख्खं घर कुडाचं होतं."

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. टक. मग जरा थांबून पुन्हा, टक. बाबारावने काठी ठेवली, पराट्यांतून हात घालून बोटाच्या पेराने भिंतीवर दोनदा वाजवलं, आणि परत कुटारात हात घातला.

"पाणी पाह्यजे काय मायले?"

"नाही. पाण्याले हळू वाजवते, कूस बदलाची असली त जोरात. हे असंच होतं. मी हावो का नाही, ते पाह्यते."

लकव्याने रुखमाबाईची उजवी बाजू नेली आणि बोलणंही नेलं. राहिला डावा हात आणि त्यात एक स्टीलची वाटी. म्हणून तिची बाज पश्चिमेच्या भिंतीला लावलेली. भिंतीपलीकडे कडुनिंबाखाली बाबाराव लोकांच्या बाजा विणत बसायचा. घरकुल जुनं, भिंत चार इंची. वाटीचा ठोका तिच्यातून असा यायचा की जणू बाई शेजारीच बसली आहे. या घरात मालकाला कधी हाक मारून बोलवावं लागलं नव्हतं, असं तो ऐटीत सांगायचा.

पण तीच भिंत एप्रिलपासून तव्यासारखी तापायची. मागच्या उन्हाळ्यात रुखमाबाईला ऊन लागलं. मारेगावच्या दवाखान्यातून ती परत आली हेच नशीब. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर वाचवता येणार नाही. वीज असली तर कूलर, आणि दुपारी वीज कुठली? म्हणून मोनाली दारव्ह्याहून खास आली होती. पराट्या वावरातून आणल्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून उभ्या बांधल्या, मधल्या पोकळीत कुटार भरलं आणि वरून शेणमातीचा जाड थर दिला.

रस्त्याने जाणारा रोशन थांबला.

"जयभीम, काका. लोकं कुड पाडून विटा लावतात, आन तुमी विटांवर कुड चढवून राह्यले?"

"भिंतीले गोधडी पांघरून राह्यलो."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यासाठीच," बाबाराव म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसला.

लिंपण वाळलं आणि खरंच खोली निवली. रुखमाबाईने डावा तळवा आतून भिंतीला लावला, तसाच ठेवला, आणि तिच्या चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती ती हसली. मोनालीचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती निघून गेली.

त्या दुपारी बाबाराव कडुनिंबाखाली बाज विणायला बसला. ऊन रणरणत होतं, पण त्याच्या जिवाला थंडावा होता. भिंतीतून ठोका आला नाही. झोपली, त्याला वाटलं. उकाड्याने बिचारीला धड डोळा लागत नव्हता, आज लागला. मधे एकदा तो उठला, दारापर्यंत गेला आणि माघारी फिरला. दाराची कडी वाजते, उगाच जागी व्हायची. रोशन काही विचारायला मोठ्याने बोलत आला, तर त्याने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल, बाप्पा. झोपली हाय ते."

ऊन कललं तेव्हा तो चहा करायला आत गेला.

रुखमाबाई जागी होती. अंथरूण ओलं होतं, लुगडं ओलं होतं. कूस बदलण्याच्या धडपडीत ती बाजेच्या कडेला येऊन अडकली होती, उजवा पाय खाली लोंबत होता. भिंतीवर तिच्या हाताशी निळा रंग उडून विटा दिसत होत्या. उशीवर चुन्याची भुकटी पडली होती. वाटीची कड वाकली होती.

बाबाराव दारातच उभा राहिला. काय झालं ते त्याला एका क्षणात कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

"रुखमे," तो म्हणाला. "मले ऐकूच नाही आलं, वं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्याला सोसलं असतं. तिने नुसतं पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्याने तिला पुसलं, धुतलं, लुगडं बदललं. ती जड झाली होती. तिने डाव्या हाताचा आधार दिला नाही, रोज द्यायची. मग तो बाहेर गेला आणि लोखंडी सब्बल घेऊन कुड पाडायला लागला. कुटार नाकातोंडात गेलं. शेवटचं लिंपण त्याने हातांनीच ओरबाडलं.

मोनालीचा फोन आला.

"पाडलं? बाबा, काहून? माय उन्हानं मरन ना!"

"मरन त सांगून त मरन," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा उघडी होती. ऊन चढायच्या आत त्याने दाराला ओली चादर बांधली, रुखमाबाईला पाणी पाजलं, वाटी सरळ करून तिच्या डाव्या हातात दिली आणि तिची बोटं वाटीभोवती मिटवली.

"आता ऐकू येते," तो म्हणाला. "तू फक्त वाजव."

मग तो बाहेर येऊन बसला. बाज विणायला घेतली नाही. दोरीचा आवाज नको होता. कुटार अंगणभर पसरलं होतं, ते भरायचंही त्याला सुचलं नाही. भिंत तापत गेली तरी तो पाठ टेकून बसला. काही आलं नाही. तो आत डोकावला, ती जागीच होती. परत बाहेर आला.

मग त्यानेच पेराने वाजवलं. टक. जरा थांबून पुन्हा, टक. ती वाजवायची तसं, काही नको असताना.

त्याने कान भिंतीला लावला. भिंत भाजत होती. आत बाजेची दोरी करकरली. तिचा हात हलला होता. बाबारावने श्वास धरला.

वाटी फरशीवर पडली. घरंगळत दूर गेली, गोल गोल फिरली आणि थांबली. चार इंची भिंतीतून सगळं स्पष्ट ऐकू आलं.