कोरडवाहू गाडी

त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात गाड्यांना तोटा नव्हता. कापसावर लाल्या रोग आला, भाव बसला, आणि मुंबई-दिल्लीहून पाहणी पथकांच्या पांढऱ्या गाड्या सुरू झाल्या. एक पथक जाई, दुसरे येई. पहिल्याने काय पाहिले हे दुसऱ्याला कोणी सांगत नसे, म्हणून तेही तेच पाहून जाई. पथक ज्या रस्त्याने जायचे तेवढ्याच रस्त्यावर डांबर पडे. या गर्दीत एकच गाडी तांबडी होती, बुटकी होती आणि कोणत्याही समितीची नव्हती. ती कमलाकररावांची.

कमलाकरराव एका सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी पाण्याचे नकाशे काढले. पाणी नकाशातच राहिले, त्याला ते बिचारे काय करणार? निवृत्तीनंतर त्यांनी नागपूरच्या एका बंद गिरणीच्या मालकाच्या वारसांकडून जुनी जर्मन स्पोर्ट्स कार उचलली. इंजिन मागच्या बाजूला, आणि ते थंड ठेवायला पाणी लागत नाही, वाऱ्यावरच भागते. आर्णीकडचे त्यांचे जुने स्नेही विठ्ठलराव गाडी बघायला आले आणि पाणी ओतायची जागा शोधून दमले.

"पानी पीतच नाही? मंग कोरडवाहू हाय म्हना," ते म्हणाले. तेच नाव गावभर झाले.

कोरडवाहू गाडीवर कमलाकररावांचा जीव होता, आणि जीव जडला की माणसाला खोट दिसत नाही, तरी एक दिसलीच: ओढ कमी. त्यांनी परदेशातून रुंद नळ्यांचा चकचकीत सायलेन्सर मागवला. सोबतच्या माहितीपत्रकात लिहिले होते की वीस हॉर्सपॉवर वाढतील. बसवून चावी फिरवली तर गल्लीतली कुत्री पळाली, समोरच्यांचे बाळ उठले, आणि कमलाकररावांना गाडी उडते आहे असे वाटू लागले.

जावई सलील पुण्याचा, त्याला यातले कळे. तो फोनवर म्हणाला, "बाबा, नळी रुंद केली की वरच्या वेगाला जोर येतो, पण सुरुवातीची ओढ जाते. इथे मशीन आहे, चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजतात. घेऊन या."

"कान आहेत मला," कमलाकरराव म्हणाले आणि फोन ठेवला.

पत्नी रत्नप्रभाबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी हे सगळे ऐकले होते. "लोकांच्या घरी सुतक आणि तुमची रोज वरात," त्या म्हणाल्या. "मला बाजारात तोंड दाखवायची लाज वाटते. ताकद वाढली म्हणता ना? मोजून दाखवा. वाढली असेल तर गाडी राहील. नसेल तर शिवरात्रीनंतर सलील घेऊन जाईल आणि विकून टाकेल."

या बाई आकड्यापुढे कोणाचे ऐकत नसत. कमलाकररावांची झोप उडाली. पुण्याच्या मशीनची त्यांना धास्ती होती, आणि धास्ती कशाची हे ते स्वतःलाही सांगत नव्हते.

तोड विठ्ठलरावांनी काढली. त्यांच्या गावी शंकरपट होता, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि पटाचे विजेवरचे घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवी. "बैलायची ताकद मोजते, तं तुमच्या घोड्यायची काहून नाही मोजनार?" ते म्हणाले. "तसे घोडे तं मले एकबी दिसून नाही राह्यले."

ठरले असे: आधी जुना सायलेन्सर लावून पटावर गाडी पळवायची, मग नवा लावून. अंतर तेच, माती तीच, चालवणाराही तोच. रत्नप्रभाबाई घड्याळाशेजारी खुर्ची टाकून बसल्या.

लोक गाडीभोवती जमले. एका म्हाताऱ्याने विचारले, "साहेब, तुमी कोन्त्या पथकाचे?" कुठल्याच नाही म्हटल्यावर त्याला फार बरे वाटले.

जुन्या सायलेन्सरवर गाडी गुपचूप गेली. कोणी टाळी वाजवली नाही. मग लिंबाखाली नवा चढवला. आता लोकांनीच हट्ट धरला की गाडीच्या जोडीने बैलही सोडा, म्हणून शेजारच्या पट्ट्यावर विठ्ठलरावांची जोडी आणली. जोडी देखणी होती, पण दोन वर्षे शेवटचीच येई, आणि विठ्ठलराव तिची फुशारकी पहिलीसारखी मारत.

निशाण पडले. कमलाकररावांनी पाय दाबला आणि आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. बैलांनी शेपट्या वर केल्या, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याने कासरा सोडून जुवाला मिठी मारली, आणि जोडी अशी सुटली की गाडी पोचेपर्यंत ती पलीकडच्या तुरीत शिरली होती. त्या पटावर इतकी वेगवान जोडी कोणी पाहिली नव्हती. लोकांनी विठ्ठलरावांना खांद्यावर घेतले. मग कोणाला तरी आठवण झाली आणि कमलाकररावांनाही घेतले.

"काय ताकद हाय गाडीत," जो तो म्हणत होता.

खांद्यावरून उतरून कमलाकरराव हसत बायकोकडे गेले. त्यांना खात्री होती. आयुष्यात गाडी एवढी पळाल्याचे त्यांना आठवत नव्हते.

रत्नप्रभाबाईंनी फक्त घड्याळाकडे बोट केले. नव्या सायलेन्सरला जुन्यापेक्षा वेळ जास्त लागला होता. थोडा नाही, चांगला जास्त.

"घड्याळ बिघडलं असेल," कमलाकरराव म्हणाले.

"मग बैलांची वेळही त्याच घड्याळाची, तीही खोटी म्हणू या?"

ते तिथेच मातीत बसले. गाडी जाणार याचे दुःख होतेच, पण आपले कान, आपले हात, आपले इंजिनिअरपण सगळेच एका पोकळ नळीने फसवले, हे जास्त लागले. बाईंना त्यांची कीव आली, पण आकडा तो आकडा.

तेवढ्यात विठ्ठलराव गुलालाने माखून आले. "वहिनी, गाडी पुन्याले नका धाडू. पुसदवाले इचारून राह्यले, घाटंजीवाले इचारून राह्यले. सगळ्यायले आपल्या जोडीमांगं हे पायजे. औंदा कापसानं तं काही देल्लं नाही, लोकायले निदान हे तरी पाहू द्या."

रत्नप्रभाबाईंनी गर्दीकडे पाहिले. बऱ्याच दिवसांत इतकी माणसे एकदम हसताना त्यांनी पाहिली नव्हती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पण ताकद काही वाढली नाही. तेव्हा ही आता चालवायची नाही. नुसती वाजवायची."

कमलाकरराव लगेच हो म्हणाले. गाडी राहिली होती, त्या क्षणी त्यांना दुसरे काही ऐकूच आले नाही.

पुसदच्या पटाला गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेली. कापूस न्यायची ट्रॉली तशीही रिकामीच होती. कमलाकररावांना फेटा बांधला, हार घातला, गाडी रेषेच्या मागे उभी केली. शेजारी रत्नप्रभाबाई, गिअरच्या दांड्यावर हात ठेवून. निशाण पडले, गाडी गरजली, बैल धुळीत दिसेनासे झाले. टाळ्या थांबेनात.

धूळ बसली तेव्हा समोर पट पडला होता, सरळ, सपाट, मोकळा. असा रस्ता कमलाकररावांना साऱ्या जिल्ह्यात कधी मिळाला नव्हता. त्यांचा पाय आपोआप क्लचवर गेला.

"अहं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

मागून विठ्ठलरावांनी हात केला, पुढची जोडी आली होती. कमलाकररावांनी फेटा नीट केला, क्लचवरचा पाय काढला आणि पुन्हा आवाज द्यायला बसले.