पुलावरची पेटी

वेळ नदीच्या पुलाला पेटी बसली, त्या दिवसापासून साळूबाईच्या डोक्यात किडा वळवळू लागला. वर सोलरची पाटी, खाली पाण्याकडं रोखलेला एक गोल डोळा. पेटी बसवणारा पाबळचा धम्मदीप बोलायला गोड होता.

"मावशी, पाणी किती चढलं, किती उतरलं, ते ही पेटी आपली आपण पाटबंधाऱ्याच्या हापिसात कळवती."

"नदीला काय पाय फुटल्यात, तिच्यावर पाळत ठेवायला?"

तो हसला. हसला म्हणजे नक्की कुठंतरी पाणी मुरतंय, असं साळूबाईनं ठरवूनच टाकलं. तिची मोटर नदीकाठीच, तीही तारेवर चोरून टाकलेल्या आकड्यावर. पेटीनं ते टिपलं की मोटर जप्त, आणि पुलाखालच्या बंधाऱ्यात पाणी असून कांदा करपणार. यंदा रानात कांद्याशिवाय दुसरं काही नव्हतं. एका सकाळी तिनं कठड्यावरून वाकून युरियाचं रिकामं पोतं त्या डोळ्यावर सुतळीनं आवळून बांधलं.

नेमकं त्याच दिवशी आभाळ भरून आलं. थेंब काही पडला नाही. पण दुपारी बंधाऱ्यावर माणसं आली आणि पाणी अडवायच्या फळ्या भराभर उपसून गेली. अडवलेलं सगळं पाणी खालच्या गावाला गेलं. साळूबाईच्या मोटरीचा फुटबॉल, पाइपाचं पाणी ओढणारं तोंड, चिखलात उघडा पडला.

दुसऱ्या दिवशी गाव बंधाऱ्यावर गोळा झालं. साळूबाईचा धाकटा दीर पोपटराव सगळ्यात जास्त तापला होता.

"खालच्या गावच्या सरपंचाचं, त्या आनंदरावाचंच काम हाय. न्हाईतर पूर न्हाई, पाऊस न्हाई, फळ्या निघत्यात कशा?"

"पूर दिसला म्हणून काढल्या," धम्मदीप पेटीवरनं सोडलेलं पोतं पुढं करत म्हणाला. "पेटी आवाज सोडती. तो पाण्यावर आदळून माघारी येतो, त्यावरनं पाणी किती लांब ते कळतं. हितं तो पोत्यावरच आदळला. पेटीला वाटलं, पाणी पुलाला टेकलं. आभाळ भरल्यालं, बंधारा फुटंल म्हणून हापिसानं फळ्या काढाया लावल्या."

साळूबाईला सगळं उमगलं. आपल्या हातानं आपलं रान वाळवलं, वर गावाचंही. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण पोरं काठ्या घेऊन खालच्या गावाकडं निघालेली बघून तिला राहवेना.

"पोतं म्या बांधलं, भावजी. ती पेटी मोटरी धरायला बसवली वाटलं मला. आनंदरावाचा काय संबंध न्हाई."

पोपटरावानं डोळे बारीक केले. मग हळूच म्हणाला,

"वयनी, पाणी गेलं ते खालच्या गावाला, आन् तुमचं म्हायेर त्याच गावातलं न्हवं का?"

जमलेल्यांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या. आता सगळ्यांना सगळं कळलं होतं.